निरंक

पक्षीगणनेच्या सभेत तळी वाटली
तेव्हा गोरेवाड्यासाठी सतरा हात वर झाले,
अंबाझरीसाठी बारा,
फुटाळ्यावरून एक नवरा-बायको भांडले,
दुर्बीण एकच म्हणून.
कोष्टीपुऱ्यामागच्या तळ्याचं नाव घेतलं
आणि सगळ्यांना चहा आठवला.

मी हात वर केला.
एकतीस वर्षं जिल्हा परिषदेत आवक-जावक सांभाळली,
कोणी न घेतलेला कागद
फिरून माझ्याच टेबलावर येतो, हे अंगवळणी पडलंय.
जोडीला मिळाला चेतन हेडाऊ, आठवी ब,
त्याचं घर तळ्याकडे पाठ करून उभं.
"तिथं काही नसते मॅडम," तो म्हणाला,
"पण मले पाचच मिनटं लागतात जायाले."

रविवारी सहाला
स्वेटरवर स्वेटर घालून आम्ही काठावर.
काठ म्हणजे बेशरमाची झाडी,
मग जलपर्णी, इतकी दाट
की एक चप्पल तिच्यावर कोरडी पडून होती.
मधोमध नवरात्रातल्या देवीचा सांगाडा:
माती गेली, तणीस गेलं,
बांबूचे आठ हात तेवढे वर.
पलीकडे एकच पॉवरलूम, खटाखट खटाखट,
बाकीच्या शेडमध्ये आता
लग्नाची भांडी भाड्यानं मिळतात.

सात.
साडेसात.
कावळे गेले डोक्यावरून.
"वरून जाणारे धरायचे नाहीत,"
मी सूचना वाचून दाखवली, क्रमांक चार.
आठला चेतननं हळूच विचारलं,
"दोन बदकं लिहू का? छोटीशी?
आजी सांगते, पहिले यायची.
तिचा बाप सूत धुवाले आला का
पाणीच दिसे नाही, इतकी."
मी म्हटलं, बाळा,
'यायची' याची आवक होत नाही.

साडेआठला रकान्यात लिहिलं: निरंक.
आमच्या ऑफिसचा शब्द. त्याला समजावून सांगितला.
रकाना रिकामा सोडला तर वाटेल
इकडे कोणी फिरकलंच नाही.
निरंक लिहायला
दोन तास थंडीत बसावं लागतं.

आठ एकेचाळीसला,
मी सतरंजीची घडी करत असताना,
देवीच्या चौथ्या हातावर खंड्या.
निळा. इतका निळा की पॉवरलूमसुद्धा...
नाही, पॉवरलूम चालूच होती.
"मॅडम! लिवा! लिवा न!"
मी घड्याळ दाखवलं.
त्यानं माझ्याकडे असं पाहिलं
जसं माझ्या खिडकीवरून परत गेलेल्या
माणसांनी पाहिलं असेल.
मी तेव्हा मान वर करत नव्हते.

खंड्या मासा न घेताच उडाला.
जलपर्णीतून त्याला दिसणार तरी काय.

दहाला वडाखाली सगळे गट,
द्रोणात तर्री-पोहे, वर शेव भिजत चाललेली.
गोरेवाडा: त्रेसष्ट जाती. टाळ्या.
अंबाझरी: अठ्ठेचाळीस, आणि एक वाद,
घार होती की दुसरं काही.
फुटाळ्याच्या नवरा-बायकोचे आकडे जुळेनात,
त्यावर हशा.
मग आमची पाळी.
"निरंक," मी म्हटलं.
मागून कोणीतरी खुदकन हसलं,
कोणीतरी म्हणालं, पुढच्या वर्षी हे तळं वगळू.

चेतननं द्रोण खाली ठेवला,
तेलकट बोटं पँटला पुसली,
माझ्या हातातून कागद ओढून घेतला.
शेवटी एक रकाना असतो, शेरा.
एकतीस वर्षांत मी तिथं
'फाइल करावे' सोडून काही लिहिलं नव्हतं.
त्यानं शाळेतल्या चिठ्ठीसारखं लिहिलं,
जीभ बाहेर काढून, सावकाश:
"खंड्या, एक. अकरा मिनिटं उशीर.
रस्ता खराब असल्यामुळे.
माफ करावे."

संयोजकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.
मी खाली सही केली.
तारीख घातली.
वेळ घातली नाही.